वाट नाय जी

माळ्यावरची गादी अण्णांसाठी खाली काढताना तिच्यामागून पत्र्याची एक लांब नळी घरंगळली आणि फरशीवरून खणखणत थेट दारापर्यंत गेली. ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या ठेवायची नळी. आमच्या ऑफिसात सगळं काम संगणकावर आलं त्या वर्षी ती भंगारात निघाली होती. मी रिक्षात घालून घरी आणली आणि पुन्हा कधी उघडली नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पलंगावर काळा चष्मा लावून बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोनच दिवस झाले होते. त्यांनी आवाजाकडं मान वळवली.

"काय पडलं गं?"

"काही नाही अण्णा. जुने कागद आहेत, ऑफिसचे."

"मला वाटलं काठी पडली माझी." मग म्हणाले, "डोळा बरा झाला की मला येकदा वाटंवर ने. हितनं जवळच हाय म्हणतीस ना?"

जवळच होती. पुंडलिकनगरातल्या माझ्या फ्लॅटपासून पायी दहा मिनिटं. पण ऑफिसला जाताना मी पस्तीस वर्षं रिक्षावाल्याला पलीकडच्या चौकातून वळायला लावत आले आहे. नळीत ज्या कॉलनीचा नकाशा आहे, ती कॉलनी आमच्या वाटेवर उभी आहे. नकाशा मीच काढला. त्यात आमची वाट नाही, आणि ती का नाही हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. अण्णांना तर नव्हतंच. ते आजही म्हणतात, वाट मोडली, जसं कुणी म्हणावं की पाऊस गेला.

आमची वाट म्हणजे रस्ता नव्हे. आम्ही मेंढरंवाले. लासूर स्टेशनजवळ आमचं गाव, आणि दिवाळी झाली की गाव सोडायचं ते आठ महिने. आधी शहराला लागून असलेल्या सातारा गावात, डोंगराखालच्या खंडोबाला यायचं, भंडारा उधळायचा, मग गारखेड्याचा माळ तिरका कापून सुखना नदी गाठायची आणि तिथून जालन्याच्या अंगाला. तट्टावर भांडी, कोंबड्यांची पाटी, दोन दिवसांची कोकरं, आणि त्यांच्यात कोंबलेली मी. ओल्या घोंगड्याचा, कोकराच्या तोंडाला लागलेल्या दुधाचा आणि तट्टाच्या घामाचा मिळून एक वास होता. तो वास म्हणजेच कार्तिक महिना, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

त्या उघड्याबोडक्या माळावर वाटेच्या दोन्ही अंगांना तेवढी बाभळी-बोरींची रांग होती. कुणी लावली नव्हती. मेंढरं बाभळीच्या शेंगा खात, बिया लेंड्यांतून पडत, पुढच्या पावसाला रुजत. अण्णांच्या आज्यापासून मेंढरं तिथून गेली म्हणून तिथं झाडं झाली, आणि झाडं झाली म्हणून मेंढरं तिथून गेली. तरवड पिवळाजर्द फुललेला असायचा. कुसळं परकराला चिकटायची आणि पोटऱ्यांना टोचत राहायची. भोरड्या पाखरांचा थवा मेंढरांच्या पाठीवर उतरायचा, गोचिड्या टिपायचा, पुढं जाऊन पुन्हा उतरायचा. अण्णा खाली न बघता चालत. त्यांच्या तळपायांना वाट ठाऊक होती. कुठं मुरूम आहे, कुठं चिकणमाती, कुठं जमीन हलकेच उतरते, एवढ्यावर ते माळ ओलांडायचे.

माळाच्या मधोमध खळगी होती. पावसाचं पाणी तिथं साचायचं आणि दिवाळीनंतरही कंबरभर टिकायचं. कातरणीच्या आधी मेंढरं धुवायची ती तिथं. अण्णा आणि दोन चुलते पाण्यात उभे राहत. पहिला मेंढी ओढून घ्यायचा, दुसरा चोळायचा, तिसरा पल्याड सोडायचा. मेंढी बाहेर येऊन अंग झाडायची आणि आम्ही पोरं किंचाळत पळायचो. पाण्यावर लोकरीचं तेल तरंगायचं, त्यात ऊन पडलं की रंग दिसायचे. बोरीच्या काट्यांना लोकरीचे पुंजके अडकायचे. मी ते वेचायला गेले की माय ओरडायची, "राहू दे ते. पाखरांचं हाय." पुढं मृगाच्या सुमारास परतीच्या वाटेवर कुणाच्या तरी नजरेला बोरीतलं घरटं पडायचं आणि त्यात आमची काळी लोकर असायची. माय ते सगळ्यांना दाखवत फिरायची, स्वतः विणल्यासारखं.

आणि एक खेळ होता. तो फक्त आमच्यातलीच पोरं खेळली असतील.

माय डोक्याला अण्णांचं पागोटं गुंडाळायची, काखेत काठी दाबायची, गाल फुगवायची आणि साहेब व्हायची. आम्ही पोरं समोर ओळीनं उभी. साहेब दरडावून विचारायचा, "काय रे ए, मेंढरं किती?"

"ठाऊक नाय जी!"

"कुठून आले?"

"असंच आलो जी!"

"वाट कुठं जाती?"

"वाट नाय जी!"

जो हसला तो बाद. मी कधी बाद झाले नाही. अण्णा चिलीम ओढत बघायचे आणि म्हणायचे, "ही पोरगी पक्की हाय."

कारण त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ज्याच्या अंगावर खाकी किंवा हातात कागद, त्याला वाट सांगायची नाही, एवढं आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं. वाट सांगितली की तो पुढच्या साली पाण्यावर आधीच येऊन बसतो, हे केव्हातरी चुलत्यांच्या बोलण्यातून कानावर पडलं होतं. मेंढरंही आमच्यात मोजत नसत. अण्णा संध्याकाळी कळपावर एकदा नजर फिरवत आणि म्हणत, तांबडकानी दिसंना. आणि ती खरंच नसायची.

सातवीला मला शहरात मामाकडं ठेवलं. मामा रेल्वेत गँगमन. दोन खोल्या, पुढं सिमेंटचा ओटा. पहिले कित्येक दिवस मला झोप येईना, कारण जवळ कुणी रवंथ करत नव्हतं. शाळेतल्या मुली म्हणायच्या, हिच्या वेणीला वास येतो. मी शिकेकाईनं केस घासायला लागले आणि वर्षभरात वास गेला. मग कार्तिकात एक रविवार यायचा. मामा सांगायचे, आलेत गं. मी एकटी चालत निघायचे, स्टेशनाकडून गारखेड्यावरून माळावर, खळगीपर्यंत. वर्षातून एकदा माझं घर असं चालत माझ्याजवळ यायचं. माय मला पोटाशी धरून डोक्याचा वास घ्यायची आणि नाराज व्हायची. "साबण झाली माझी पोरगी," म्हणायची. मग घोंगडीवर बसवून केसांत तेल जिरवायची, बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा पुढ्यात ठेवायची, आणि मी जेवेपर्यंत शाळेतलं एक अक्षर विचारायची नाही. दिवस मावळायच्या आत मी परत फिरायचे. सोमवारी वर्गात माझ्या वेणीला पुन्हा वास यायचा आणि त्या एका दिवशी मला त्याची लाज वाटायची नाही.

पुढं मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. अण्णांना एवढंच कळलं की पोरगी कागदावर रेघा मारायला शिकली. त्यांनी साहेबाची खुर्ची मिळाल्यासारखा गावभर गूळ वाटला. विसाव्या वर्षी एका खासगी ऑफिसात लागले. लेआउट काढून देणारं ऑफिस. शहर तेव्हा चहूकडून फुगत होतं, वाळूजला कारखाने आले होते, रोज नवी जमीन कागदावर पसरली जायची. तिरकं टेबल, टी-स्क्वेअर, शाईचं पेन, चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं. प्रिंट काढायच्या खोलीत अमोनिया असायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. मला तो वास आवडायचा. त्यात दुसरा कुठलाच वास टिकत नसे.

शहर कसं करतात ते मी तिथं पाहिलं. आधी जास्तीत जास्त प्लॉट पाडायचे. मग त्यांना पोचतील एवढे रस्ते, सगळे काटकोनात. उतार, खळगा, झाड, ओढा यातलं काही कागदावर नसलं की काम सोपं. शेवटी कोपऱ्यात एक वेडावाकडा त्रिकोण उरायचा, ज्यावर कुणाचंच घर बसत नसे. त्याच्यावर हिरवी पेन्सिल फिरवायची आणि लिहायचं, खुली जागा. झाडांसाठी प्लॅस्टिकचा एक साचा होता, गोल भोकांचा. पेन भोकात घालून फिरवलं की झालं झाड. लहान झाड, मध्यम झाड, मोठं झाड. साहेब म्हणायचे, "जरा झाडं टाक गं, नकाशा मोकळा दिसतोय." मी टाकायचे. माझी झाडं फार सुबक यायची, सगळ्या ऑफिसात नाव होतं.

एक दिवस मोजणीला जाताना साहेबांनी मला बरोबर घेतलं. पट्टी धरायला माणूस कमी होता. जीप थांबली आणि मी उतरले तर समोर माळ. आमचा. फाल्गुन असेल, कारण बोरी झडल्या होत्या आणि खळगी कोरडी होती, तळाशी भेगा. मी पट्टी धरून उभी राहिले. साहेब दुर्बिणीतून बघत होते, बघता बघता खाली वाकले आणि वहाणेच्या टोकानं माती उकरली.

"लेंड्या आहेत. आणि ही झाडांची रांग बघ, सरळ गेलीय. ए, तू इकडचीच ना? इथून कुणाची वाट आहे का?"

त्यांच्या हातात कागद होता.

"नाही साहेब," मी म्हणाले. "वाट नाही."

"नक्की? वहिवाट असली तर ठेवावी लागते."

"नाही. कुणाची तरी मेंढरं चुकून आली असतील."

माझा आवाज जराही हलला नाही. मी हसले नाही. खेळात कधी बाद झाले नव्हते, तशी तिथंही झाले नाही. वर मनात काय आलं सांगू? अण्णा इथं असते तर खूश झाले असते.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. जीपमध्ये बसता बसता सहज म्हणाले, "असती तर बरं झालं असतं. रुंद रस्ता त्याच अंगानं काढला असता. उतारही बरोबर आहे, झाडंही वाचली असती."

मला अर्थ कळायला पुलापर्यंतचा रस्ता लागला. तोवर उशीर झाला नव्हता. पुढं पूर्ण महिना तो कागद माझ्याच टेबलावर होता. केव्हाही उठून म्हणता आलं असतं, साहेब, वाट आहे, आमची आहे. मी उठले नाही. साहेबाला वाट सांगायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही होती. ऑफिसात मी मेंढरांतली आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी खळगीवर चार प्लॉट पाडले. वाट जिथून जात होती तिथून आडव्या पाच गल्ल्या काढल्या. आणि रेघा मारण्याआधीच्या जमिनीला नाव द्यायचं असतं, तिथं माझ्या वळणदार अक्षरांत लिहिलं, 'मोकळी पड जमीन. वहिवाट नाही.' खाली उजव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

त्या कार्तिकात मामांनी सांगितलं, आलेत गं. मी गेले. बाभळी तोडून ढीग घातले होते. सिमेंटचे खांब रोवून त्यांतून तार ओढली होती, आणि तारेच्या अलीकडं आमचा सगळा कळप उभा होता. पुढची मेंढी तारेला नाक लावून थांबलेली, तिच्यामागं बाकीच्या. मेंढरं अशा वेळी ओरडत नाहीत. नुसती उभी राहतात. अण्णा तारेला हात लावून बघत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "वाट मोडली गं." मायनं तिथंच, खांबाच्या सावलीत, मला खाली बसवून डोक्याला तेल लावलं. पाणी नव्हतं म्हणून हात तसेच लुगड्याला पुसले. मेंढरं त्या साली धुतली नाहीत.

पुढच्या सालापासून ती दुरून, पैठणच्या रस्त्याच्या अंगानं वळून जाऊ लागली. मला तिकडं जाणं होईना. मायनं माझ्या डोक्याला तेल लावलं ते शेवटचंच. ती गेली तेव्हा कळप दूर बदनापूरकडं होता, मला दोन दिवसांनी कळलं. मग भाऊ वाळूजला कारखान्यात लागला. मग एका आषाढात मेंढरं विकली. अण्णा गावातल्या घराच्या ओट्यावर बसायला लागले. घरात घोंगडी उरली दोन, कातरणीची कात्री एक, आणि ती गंजली.

ऑपरेशननंतरच्या बाराव्या दिवशी मी अण्णांना घेऊन निघाले. आमचे हे शहागंजला दुकानावर गेले होते, मुलगा पुण्याला असतो, म्हणजे घरी नको म्हणणारं कुणी नव्हतं. अण्णांनी पागोटं नीट बांधलं, काळा चष्मा चढवला, काठी घेतली. लग्नाला निघाल्यासारखे.

कॉलनीच्या कमानीपाशी आल्यावर त्यांनी वहाणा काढून माझ्या हातात दिल्या. "पायाला सापडंल," म्हणाले.

सिमेंटचा रस्ता तापला होता. ते दहा पावलं गेले, थांबले, डावीकडं वळले. तिथं रंगीत ब्लॉक बसवलेले. पुढं फरशी. त्याच्या पुढं पुन्हा सिमेंट. कुंपणाच्या भिंतींना ते हात लावून बघायचे आणि मागं फिरायचे. सगळ्या गल्ल्या सारख्या, कारण मीच सारख्या काढल्या होत्या. झाडं होती, नाही म्हणायला. दर वीस पावलांवर एक, सिमेंटच्या गोल कड्यात. माझ्या साच्यातून उतरून आल्यासारखी.

"हितं उतार होता," अण्णा म्हणाले. "कुठं गेला?"

"भर टाकली असेल अण्णा."

"उतार बी नेला?" त्यांना ते खरंच पटेना.

कोपऱ्यावरच्या त्रिकोणात बाग होती. लोखंडी दार, आत हिरवळ, व्यायामाची यंत्रं आणि एक पाटी. त्यांनी विचारलं म्हणून मी वाचून दाखवलं, गवतावर चालू नये.

"चालायचं नाय, खायचं नाय, मग लावलं काहून?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. बागेत एक मूल होतं, चार-पाच वर्षांचं. त्याचा चेंडू हिरवळीवर गेला तर ते कडेला उभं राहून आजीला हाका मारत होतं. बूट घालूनसुद्धा त्याला गवतावर पाय ठेवायचा धीर होत नव्हता. आजी उठून पाटीकडं बघत होती.

तिसऱ्या गल्लीत अण्णा एकदम थांबले. एका बंगल्याच्या फाटकातून काळा पाइप रस्त्यावर आला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. आत मोटार घुरघुरत होती. तळघरातलं पाणी. या चार घरांत दर पावसाळ्यात पाणी भरतं आणि दिवाळीपर्यंत उपसावं लागतं, हे मला ऑफिसात बसून ठाऊक होतं. अण्णांनी पाय त्या पाण्यात ठेवला. बोटं हलवली.

"खळगी," म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "सापडली बघ. ही आपली खळगी."

मग ते वाट बघत उभे राहिले. नाक वर करून. मला कळलं, ते ओल्या लोकरीचा वास येतोय का बघतायत. वास डिझेलचा येत होता आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या फोडणीचा. हळूहळू त्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

तिथं मी सांगितलं. पस्तीस वर्षं माळ्यावर ठेवलेलं सगळं, एका बंगल्याच्या फाटकात, त्यांच्या वहाणा हातात धरून. की साहेबानं विचारलं होतं. की मी नाही म्हणाले. की हो म्हणाले असते तर रुंद रस्ता वाटेवरूनच गेला असता, बाभळी राहिल्या असत्या, तुम्हाला तारेपाशी उभं राहावं लागलं नसतं, मायला पैठणच्या अंगानं फिरावं लागलं नसतं. हुंदके देत बोलत होते, पन्नाशी उलटलेली बाई. जाणारे येणारे बघत होते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. काठी या हातातून त्या हातात घेतली.

"सायबाच्या हातात कागद व्हता?"

"होता."

"मग बरं केलं," ते म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई बरं केलं. सांगायची नसती वाट. मी म्हणतच व्हतो, ही पोरगी पक्की हाय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. काठी उगारली असती तरी चाललं असतं. मला माफी मागायची होती आणि त्यांनी शाबासकी दिली. ती घेऊन मी कुठं जाऊ?

मी डोळे पुसत होते तेवढ्यात एक मुलगी आमच्याजवळ येऊन थांबली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं लाल झालेली. आर्किटेक्चर कॉलेजची होती. म्हणाली, शहरातले बुजलेले ओढे आणि जुन्या वाटा शोधतोय आम्ही. सापडल्या तर तिथून झाडांची पायवाट करायचा प्रस्ताव देणार आहोत. म्हातारी माणसं दिसली की विचारते. मग अण्णांपुढं वाकून तिनं मोठ्या आवाजात, फार अदबीनं विचारलं, "बाबा, इथं पूर्वी काही वाट होती का?"

अण्णांनी चष्म्याआडून तिच्याकडं तोंड केलं. तिच्या हातातलं ते चौकोनी काहीतरी त्यांना अंधुक दिसलं असावं.

"नाय जी," ते म्हणाले. "हितं वाट नव्हती."

"मेंढ्या वगैरे जायच्या का?"

"ठाऊक नाय जी."

"होती," मी म्हणाले. "होती वाट. इथूनच. ही खळगी होती. मी सांगते तुम्हाला." माझा आवाज चिरकला. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि दाबलं, जोरानं, मेंढी धरावी तसं.

मुलगी गोंधळली. तिनं आधी अण्णांकडं पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं. टॅबवर बोट फिरवलं. "काकू, या भागाचा मूळ लेआउट आहे आमच्याकडं. त्यावर तर स्पष्ट लिहिलंय." तिनं पडदा माझ्यापुढं धरला. माझं अक्षर. वेलांटीला थोडं जास्तच वळण देत असे मी तेव्हा. मोकळी पड जमीन. वहिवाट नाही.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले.

ती समजुतीनं हसली. म्हाताऱ्या बापाबरोबर उन्हात फिरणारी, रडणारी बाई. तिनं आणखी काही विचारलं नाही. "नकाशात नाही आणि बाबाही नाही म्हणतात," असं स्वतःशीच बोलत तिनं पडद्यावर कुठंतरी बोट टेकवलं, आम्हाला सावलीत बसायला सांगितलं आणि पुढच्या गल्लीत गेली. मी हाक मारली असती. मनगट अजून अण्णांच्या हातात होतं.

तिच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत ते ऐकत राहिले. मग हात सोडला. एवढे खूश मी त्यांना माय गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "अजून बी इचारत हिंडत्यात. सापडली नाय त्यांला."

मी वहाणा त्यांच्या पायापुढं ठेवल्या. त्यांनी ओले पाय धोतराला पुसून एकेक आत सरकवला, काठी टेकली, आणि दोन पावलं या बाजूला, दोन पावलं त्या बाजूला टाकून बघितली. चारी अंगांना सारख्याच गल्ल्या होत्या. खालून काहीच कळत नव्हतं.

"चल घरी," म्हणाले. "कोणत्या अंगाला हाय गं?"